फायब्रोमायल्जियात आयुर्वेद-योग सुरू करायचाय, तर आधी काय आणि नंतर काय

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. वय ४३, दोन वर्षं सगळं अंग दुखतंय, मान, खांदे, कंबर, मांड्या, सकाळी उठल्यावर झोपलोच नाही असं वाटतं. गेल्या वर्षी ऱ्हुमॅटॉलॉजिस्टनी, म्हणजे सांधे-स्नायूंच्या तज्ज्ञांनी, फायब्रोमायल्जिया सांगितला, रात्री प्रीगॅबालिन ७५ आणि सकाळी ड्युलोक्झेटिन ३० चालू आहे, थोडा फरक आहे पण वजन वाढलं आणि दिवसभर डोकं जड राहतं. म्हणून आता दोन्ही गोळ्या बंद करून २१ दिवसांचं पंचकर्म पॅकेज, जोडीला अश्वगंधा, गुग्गुळ, गुळवेल, गहू आणि दूध बंद, सकाळी सूर्यनमस्कार, हे सगळं एक तारखेपासून सुरू करायचं ठरवलंय, करू का, असं विचारलंय.

आयुर्वेद आणि योग नक्की सुरू करा. पण गोळ्या स्वतःहून बंद करू नका आणि सगळं एकाच तारखेला तर अजिबात सुरू करू नका. मी वैद्य आहे, कायचिकित्सेत एमडी केलंय, अंगदुखी-सांधेदुखीचे पेशंट हेच माझं वर्षानुवर्षांचं रोजचं काम, आणि या आजारात क्रम चुकल्यामुळे हाल होणारी माणसं मी सतत बघते. उत्साहात सहा-सात गोष्टी एकदम सुरू होतात, पहिला आठवडा बरा जातो, दुसऱ्या आठवड्यात अंग असं धरतं की बाई पलंगावरून उठत नाही, आणि मग कशाने बिघडलं, तेलाने का व्यायामाने का गुग्गुळाने, ते कोणालाच सांगता येत नाही, मलाही नाही. मग सगळंच सोडून दिलं जातं आणि त्यात जी गोष्ट खरंच उपयोगी पडली असती तीपण जाते. म्हणून खाली जे लिहितेय ते मुख्यतः क्रमाबद्दल आहे.

सुरू करण्याआधी एक खात्री करून घ्या, निदान पक्कं आहे ना. पूर्वी १९९० च्या निकषांप्रमाणे अंगावरच्या ठरलेल्या १८ जागा दाबून बघायचे आणि ११ ठिकाणी दुखलं की फायब्रोमायल्जिया म्हणायचे. २०१० पासून ते बदललं, आता शरीराचे किती भाग दुखतात, थकवा किती आहे, उठल्यावर ताजंतवानं वाटतं का, विसरायला होतं का, लक्ष लागतं का, हे सगळं मिळून बघतात, आणि त्रास निदान तीन महिने असायला लागतो. तुमचं निदान तज्ज्ञांनी केलंय ही चांगली गोष्ट आहे, पण तुमच्यासारखंच दुखणं असलेल्या कितीतरी जणी फक्त "सगळं अंग दुखतं" एवढ्यावर स्वतःच नाव ठरवून माझ्याकडे येतात, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहितेय. सीबीसी, ईएसआर, सीआरपी, टीएसएच, शुगर, कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज, व्हिटॅमिन डी, बी१२, फेरिटिन, सीपीके, लिव्हर आणि किडनीच्या टेस्ट, एवढं एकदा झालेलं असावं. थायरॉईड कमी असेल तर अंग असंच दुखतं. व्हिटॅमिन डी फारच कमी असेल तर हाडं मऊ पडतात, त्याला ऑस्टिओमलेशिया म्हणतात, त्यात बरगड्या, नडगी, कंबर दाबली की दुखते, जमिनीवरून उठताना, जिना चढताना मांड्यांत ताकद राहत नाही, आणि अशा बायकांना वर्षभर फायब्रोमायल्जिया म्हणून गोळ्या चालू असतात. ते डी आणि कॅल्शियम नीट देऊन बरं होणारं दुखणं आहे! कोलेस्टेरॉलची स्टॅटिनची गोळी चालू असेल तर तिच्यानेही स्नायू दुखतात. चिकुनगुनिया होऊन गेलाय का तेही आठवून बघा, २००६ च्या साथीनंतर आपल्याकडे महिनोन्महिने सांधे धरलेले लोक ज्यांनी पाहिलेत त्यांना मी काय म्हणते ते कळेल. आणि सांध्यांना दिसणारी सूज, सकाळी तास-दीड तास बोटं आखडणं, ताप, वजन उतरणं, हातापायातली ताकद जाणं, किंवा पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदाच खांदे-मांड्या आखडून ईएसआर वाढणं, यातलं काही असेल तर तेल-काढे बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टर गाठा.

रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत म्हणून घरचे विश्वास ठेवत नाहीत असं तुम्ही लिहिलंय, ते वाचून खरंच वाईट वाटलं, कारण हे वाक्य मी फार वेळा ऐकते. या आजारात स्नायू खराब झालेले नसतात, सांधा झिजलेला नसतो, म्हणून एक्सरे आणि रक्तात काही सापडत नाही. बिघाड दुखणं जाणवणाऱ्या यंत्रणेत असतो, मेंदू आणि मज्जारज्जूत. दाराच्या बेलचं बटण अडकलं की दारात कोणी नसताना ती वाजत राहते, तसं काहीसं. बेल खरीच वाजत असते, ऐकणाऱ्याचा भास नसतो. दुखण्याचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१७ मध्ये अशा दुखण्यांसाठी वेगळा प्रकारच मान्य केलाय, नोसिप्लास्टिक पेन, म्हणजे इजा नाही, नसही दबलेली नाही, तरी दुखणं खरं. हे तुमच्या मिस्टरांना आणि सासूबाईंना एकदा डॉक्टरांसमोर बसवून ऐकवा, त्याने अर्धा ताण उतरतो, आणि ताण उतरला की दुखणंही उतरतं.

आता गोळ्यांचं. प्रीगॅबालिन आणि ड्युलोक्झेटिन या दोन्ही गोळ्या एकदम बंद करायच्या नसतात. प्रीगॅबालिन अचानक थांबवली तर झोप पूर्ण उडते, घाम, मळमळ, घबराट होते, ड्युलोक्झेटिन थांबवली तर चक्कर येते, डोक्यात करंट लागल्यासारखे झटके येतात, चिडचिड आणि रडू येतं. आणि नेमकं त्याच दिवशी तुम्ही पंचकर्म सुरू केलेलं असणार, मग त्या केंद्रातला कोणी म्हणेल की शरीरातून विष बाहेर पडतंय, चांगलं लक्षण आहे. ते विष वगैरे काही नसतं ताई, गोळी सुटल्याचा त्रास असतो. वजन आणि जड डोकं या दोन तक्रारी आहेत ना, त्या आहेत तशा तुमच्या डॉक्टरांना सांगा, रात्रीची गोळी थोडी लवकर घेणं, डोस बदलणं, औषध बदलणं, असे मार्ग त्यांच्याकडे असतात. मी आयुर्वेदाची असून हे सांगतेय म्हणून तरी ऐका.

पहिला महिना फक्त झोपेचा. दुसरं काहीही नाही. झोपेलाच एवढं महत्त्व का देते त्याचं कारण सांगते. १९७५ मध्ये टोरांटोच्या हार्वी मोल्डॉफ्स्की या डॉक्टरांनी धडधाकट माणसांवर प्रयोग केला, त्यांना पूर्ण जागं न करता फक्त गाढ झोप लागली की आवाज करून ती मोडायची, आणि काही रात्रींतच त्या निरोगी माणसांचं अंग दुखायला लागलं, थकवा आला, जागा दाबल्या की दुखायला लागल्या. म्हणजे दुखतंय म्हणून झोप नाही हे जितकं खरं तितकंच झोप नाही म्हणून दुखतंय हेही खरं. तुम्ही पाच वाजता डब्यासाठी उठता, नळाला पाणी येतं म्हणून त्याच्याही आधी कधीकधी, आणि रात्री बारापर्यंत मोबाईल, मग कुठलं तेल आणि कुठला काढा पुरा पडणार.

करायचं काय, तर उठायची वेळ रोज एकच, रविवारीसुद्धा. दुपारी चारनंतर चहा-कॉफी नाही, हे पहिले चार-पाच दिवस जड जातं, डोकं दुखतं, मग जमतं. दुपारची झोप अर्ध्या तासाच्या आत. रात्रीचं जेवण आठच्या आत आणि हलकं. झोपायच्या तासभर आधी मोबाईल दुसऱ्या खोलीत. आणि पादाभ्यंग, हे मात्र मनापासून सांगते, कोमट पाण्यात दहा मिनिटं पाय बुडवायचे, पुसायचे, मग तळव्यांना थोडं तिळाचं तेल किंवा तूप लावून काशाच्या वाटीने हलक्या हाताने घासायचं. आपल्या आज्या करायच्या तेच. मुलीला किंवा मिस्टरांना लावायला सांगा, स्वतः वाकून करत बसू नका नाहीतर कंबर धरेल. डायबेटिस असून पायाला बधिरपणा असेल तर पाणी किती गरम आहे ते दुसऱ्याने हात घालून बघायचं. अष्टांगहृदय हा आयुर्वेदाचा ग्रंथ लिहिणाऱ्या वाग्भटांनी अभ्यंगाच्या, म्हणजे अंगाला तेल लावण्याच्या, फायद्यांत चांगली झोप सांगितलीय आणि डोकं, कान, पाय या तीन ठिकाणी तेल विशेष करून लावा असं म्हटलंय, आणि माझ्या पेशंटमध्ये सगळ्यात कमी खर्चात सगळ्यात जास्त जणींना समाधान देणारी हीच एक गोष्ट आहे. मोठ्या चाचण्यांचा पुरावा याला नाही, पण नुकसानही नाही, म्हणून मी ती पहिल्याच दिवशी सांगते.

झोपेत मोठ्याने घोरता का, मध्येच श्वास अडकतो का ते घरच्यांना विचारा, तसं असेल तर स्लीप ॲप्निया असू शकतो आणि तो काढा पिऊन जात नाही. झोपताना पाय ओढतात, हलवावेसेच वाटतात, असं असेल तर फेरिटिन बघा, लोह कमी असलं की हे होतं. आणि ४३ व्या वर्षी पाळी मागेपुढे होत असेल, रात्री घामाने जाग येत असेल तर ते स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोला. या तीन गोष्टी विचारल्याच जात नाहीत आणि बायका वर्षानुवर्षं झोपेची गोळी मागत राहतात.

दुसरा महिना हालचालीचा. इथे जरा थांबून लिहिते कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. युरोपातल्या संधिवात-तज्ज्ञांची जी संघटना आहे, युलर, त्यांनी २०१६ च्या शिफारशींमध्ये फायब्रोमायल्जियाचे सगळे उपचार तपासले, औषधं, मसाज, ॲक्युपंक्चर, योग, सगळं, आणि ठामपणे 'करा' असं फक्त एकाच गोष्टीबद्दल म्हटलं, व्यायाम. बाकी ज्यांची शिफारस केली त्यांना, प्रीगॅबालिन-ड्युलोक्झेटिनलासुद्धा, "काहींना उपयोग होतो, करून बघायला हरकत नाही" एवढाच शेरा. पण व्यायाम म्हणजे सूर्यनमस्कार नव्हे, निदान सुरुवातीला तरी नाहीच. तुम्ही पहिल्या दिवशी बारा घालाल, कारण कॉलेजात घालत होता, आणि तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात उभं राहवणार नाही.

मी पेशंटला सांगते, तुमच्या सगळ्यात वाईट दिवशीसुद्धा जेवढं चालता येईल तेवढंच रोज चाला. कोणाचं ते पाच मिनिटं असतं, कोणाचं तीन. लाज वाटायचं काही कारण नाही. आणि बरं वाटलं त्या दिवशीही तेवढंच! हे पाळणं फार अवघड जातं कारण आपल्याकडच्या बायकांचं कसं असतं, एक दिवस अंग हलकं वाटलं की माळे साफ करून, पडदे धुऊन, पाहुण्यांना पुरणपोळ्या करून मोकळ्या होतात आणि मग चार दिवस आडव्या. त्या बऱ्या दिवशीच आजार बिघडतो. घरकामही व्यायामातच धरा, ज्या दिवशी कपडे-भांडी-फरशी सगळं झालं त्या दिवशी वेगळं चालायला जायचं नाही. दोन आठवडे तेवढंच टिकलं की मिनिटभर वाढवा, परत दोन आठवडे. आठ-दहा महिन्यांनी वीस-पंचवीस मिनिटं सलग चालता येतं, तिथपर्यंत पोचलेल्या बाया मला माहिती आहेत, उड्या मारत कोणी पोचलं नाही.

एक अपवाद मात्र आहे. थोड्याशा कामानेही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पूर्ण गळून जायला होतं, ताप आल्यासारखं होतं, वाक्य सुचत नाही, आणि ते दिवसेंदिवस टिकतं, असं होत असेल तर तो क्रॉनिक फटिग सिंड्रोम असू शकतो, त्यात हळूहळू व्यायाम वाढवत नेण्याने नुकसान होतं. तेव्हा असा अनुभव असेल तर वाढवत बसू नका, डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

योगात काय करायचं तर पाठीवर झोपून पवनमुक्तासन एका-एका पायाने, हात-पाय-मनगट-घोटे फिरवणं, गुडघे दुमडून हळू कुशीवर जाणं, जमलं तर मार्जारासन, शेवटी शवासन आणि भ्रामरी. गुडघ्याखाली उशी, मानेखाली पातळ घडी. ताणून धरायचं नाही, श्वास रोखायचा नाही, पहिल्या आठवड्यात दहा मिनिटं खूप झाली. क्लासला जाणार असाल तर शिक्षकांना आधीच सांगा की पाठ दाबून वाकवू नका. ताई-ची, म्हणजे चिनी पद्धतीचा संथ व्यायाम, जवळपास शिकवणारं कोणी असेल तर तेही उत्तम, २०१८ मध्ये अमेरिकेत २२६ जणांवर त्याची एरोबिक व्यायामाशी तुलना झाली आणि ताई-ची करणाऱ्यांना तेवढाच किंवा थोडा जास्तच फायदा दिसला. आपल्याकडे शिकवणारे कमी, म्हणून मी हळू योगच सांगते. कोमट पाण्याचा पूल मिळाला तर पाण्यात चालणं फार छान, पण थंड पाण्यात उतरू नका.

तिसऱ्या महिन्यात तेल आणि शेक. आता तुमच्या पंचकर्माकडे येऊ. आयुर्वेदात फायब्रोमायल्जिया या नावाचा आजार नाही, कोणी मांसगत वात म्हणतं, कोणी आमाचा, म्हणजे नीट न पचलेल्या अन्नातून शरीरात साठतं असं मानतात त्याचा, संबंध लावतं, मी बहुतेक वेळा वाताच्या अंगाने बघते, भूक मंदावलेली आणि जीभ पांढरी असेल तर आधी आमाचा विचार करते. कारण आम असताना भरपूर तेल लावलं की अंग आणखी जड होतं, दुखणं वाढतं, हे प्रत्येक वैद्याला शिकवलेलं असतं पण पॅकेज विकताना कोण बघतो. २१ दिवसांत सगळ्यांना एकच वेळापत्रक, सकाळी मसाज, स्टीम, मग वमन किंवा विरेचन, हे या आजारात मला पटत नाही. आधीच थकलेल्या शरीराला उलट्या-जुलाब सोसत नाहीत, वर येण्या-जाण्याचा प्रवास, घरची काळजी आणि मोठा खर्च.

त्यापेक्षा आठवड्यातून दोनदा घरीच अभ्यंग, कोमट तिळाचं तेल नाहीतर महानारायण तेल, हाताचा दाब अगदी हलका, वीस मिनिटं, मग कोमट पाण्याची अंघोळ किंवा पाठ-खांद्यांवर गरम पाण्याची पिशवी. जोरात रगडून घेऊ नका. "गाठी फोडतो" म्हणणारे असतात, अंगठ्याने दाबून काळेनिळे डाग पडतात, आणि दुखणं जाणवणारी यंत्रणा आधीच चढलेली असताना ती आणखी चढते. युलरनेही साध्या मसाजची शिफारस केलेली नाही, तेव्हा अभ्यंगाकडून बरं होण्याची अपेक्षा ठेवू नका, सैल वाटणं आणि झोप लागणं एवढी ठेवा, ती पुरी होते. केंद्रात जायचंच असेल तर सौम्य अभ्यंग, नाडीस्वेद म्हणजे नळीने दिलेला वाफेचा शेक, आणि मात्राबस्ती, म्हणजे गुदद्वारातून दिलेला साधारण ६० मिली कोमट तेलाचा छोटा बस्ती, एवढं आठ-दहा दिवस. वातावर बस्ती ही निम्मी चिकित्सा असं चरकांच्या काळापासून मानलं जातं आणि माझा अनुभव चांगला आहे, विशेषतः ज्यांना बद्धकोष्ठ आणि गॅस आहे त्यांच्यात. पण माझा अनुभव म्हणजे सिद्ध झालेली गोष्ट नव्हे, हा फरक पेशंटला सांगणं मला गरजेचं वाटतं. बीपी, हृदयाचा त्रास, गरोदरपण, मूळव्याधीतून रक्त, असं काही असेल तर आधी सांगायचं.

पोटातली औषधं सगळ्यात शेवटी. बहुतेकांना उलटं वाटतं, औषध आधी आणि बाकी मग, आणि आयुर्वेदिक म्हणजे साइड इफेक्ट नाही हा समज तर इतका घट्ट आहे की दहा वेळा सांगितलं तरी जात नाही. तुमची यादी घेऊ. अश्वगंधा, झोपेला आणि ताणाला बऱ्यापैकी उपयोगी, पण थायरॉईडच्या पातळीवर तिचा परिणाम होतो, थायरॉईडची गोळी चालू असेल तर लक्ष ठेवावं लागतं, प्रीगॅबालिनसोबत गुंगी वाढू शकते, गरोदरपणात नाही, आणि क्वचित काहींच्या लिव्हरला त्रास झालेला नोंदवला गेलाय. डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदीच घातली, मला ती टोकाची वाटते, पण लिव्हरची टेस्ट न करता महिनोन्महिने घ्यायची नाही हे नक्की. तुमच्या बाबतीत तर जास्तच, कारण ड्युलोक्झेटिनलाही लिव्हर सांभाळावं लागतं. याच कारणाने अश्वगंधारिष्ट, दशमूलारिष्ट असली अरिष्टं-आसवं मी तुम्हाला देणार नाही, त्यात आंबवल्यामुळे तयार झालेलं अल्कोहोल असतं, थोडं का होईना, आणि या दोन्ही गोळ्यांबरोबर ते नको. घ्यायचीच झाली तर चूर्ण किंवा गोळी.

गुग्गुळाने काहींना ॲसिडिटी होते, अंगावर पुरळ येतं, पाळीत जास्त रक्त जातं, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तो विचारल्याशिवाय नाहीच. गुळवेल तर या आजारात का घ्यायची हेच मला कळत नाही, कोविडच्या काळात सगळ्यांनी काढे प्यायले तेव्हा मुंबईतल्या लिव्हरच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही पेशंटच्या लिव्हरला सूज आल्याचं २०२१ मध्ये प्रसिद्ध केलं, आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद आहे, पण ज्यांना ऑटोइम्यून आजाराची प्रवृत्ती आहे त्यांनी ती टाळावी असं माझं मत. भस्मं आणि रसौषधी, म्हणजे धातू किंवा पारा वापरून केलेली औषधं, वैद्याने स्वतः बघून, थोड्या दिवसांसाठी आणि खात्रीच्या कंपनीचीच. ऑनलाइन मागवून तर कधीच नाही. २००४ मध्ये बॉस्टनच्या दुकानांतली दक्षिण आशियात बनलेली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली तेव्हा १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं.

आणि पुड्या! लेबल नसलेल्या, पांढऱ्या किंवा करड्या, कुठल्यातरी गावात एक बाबा देतो, दोन दिवसांत उठून चालायला लागलो, असं ज्या पुड्यांबद्दल ऐकता त्यात बऱ्याचदा स्टेरॉईड कुटून घातलेलं असतं. फायब्रोमायल्जियात स्टेरॉईडचा उपयोग नसतो, पहिले काही दिवस अंगात जोर आल्यासारखं वाटतं तेवढंच, मग चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. आधीच घेत असाल तर एकदम थांबवूही नका, फिजिशियनना पुडी दाखवा, कारण स्टेरॉईड झटक्यात बंद केलं तर बीपी पडून जीवावर बेतू शकतं. हे कळकळीने लिहितेय.

तर क्रम असा, लिव्हर फंक्शन आणि टीएसएच करा, मग तुम्हाला बघितलेल्या वैद्याच्या सल्ल्याने एकच औषध, सहा ते आठ आठवडे, मग परत लिव्हर टेस्ट. फरक नसेल तर बंद करून दुसरं. आणि वैद्य काय देतोय ते ऱ्हुमॅटॉलॉजिस्टना आणि ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट काय देतायत ते वैद्याला, दोघांनाही लेखी दाखवा, लपवू नका. रागावतील म्हणून लपवलं जातं हे मला माहिती आहे. रागावले तर रागावले.

आहाराचं थोडक्यात. गहू आणि दूध दोन्ही अंदाजाने बंद करू नका. गव्हाने पोट फुगतं, जुलाब होतात, हिमोग्लोबिन कमी आहे, अशी शंका असेल तर गहू खात असतानाच सीलिॲकची, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन न सोसणाऱ्या आजाराची, रक्ताची टेस्ट करा, आधी बंद केला तर टेस्ट खोटी नॉर्मल येते. दूध-दही बंद करून शाकाहारी बाईचं प्रोटीन आणि बी१२ आणखी खाली जातं. रोजच्या जेवणात मूग, मटकी, ताक, भाज्या, ज्वारीची भाकरी, चमचाभर तूप, खात असाल तर अंडी, एवढं साधं ठेवा. व्हिटॅमिन डीची ६० हजारची गोळी कमी असेल तर डॉक्टर सांगतील तितकेच आठवडे, ती रोज घ्यायची नसते आणि वर्षभर तर नाहीच, कॅल्शियम चढून किडनीला इजा होते.

ॲक्युपंक्चरने काहींना थोडं बरं वाटतं, शिकलेल्या माणसाकडे आणि नव्या सुया असतील तर करून बघा. मान कडाकडा मोडून देणाऱ्यांकडे मात्र जाऊ नका.

मनाबद्दल लिहिताना जपून लिहिते, कारण "हे सगळं मनाचं आहे" हे तुम्ही आधीच फार ऐकलंय. तसं मी म्हणत नाही. पण सतत दुखणाऱ्या माणसाचं मन थकतं आणि थकलेल्या मनाला दुखणं जास्त टोचतं, म्हणून सीबीटी म्हणजे विचार आणि सवयींवर काम करणारं समुपदेशन, किंवा रोज दहा मिनिटं शांत बसून श्वास बघणं, याचा फायदा चाचण्यांत दिसलेला आहे. आणि जगणंच नको वाटायला लागलं असेल तर ताई, वाट बघू नका, घरात एकाला तरी सांगा, मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, किंवा १४४१६ या टेलि-मानसच्या सरकारी नंबरवर फोन करा, मराठीत बोलता येतं.

बरं वाटतंय का हे मोजायचं कसं, तर रोज दुखण्याला नंबर देत बसू नका, दिवसभर लक्ष तिथेच राहतं. एक वही करा, रोज फक्त झोप कशी झाली आणि किती मिनिटं चालले, आणि रविवारी दोन ओळी, या आठवड्यात असं काय जमलं जे मागच्या महिन्यात जमत नव्हतं. भाजी आणायला चालत गेले, मुलाचा अभ्यास घेतला, लग्नाला दोन तास बसले. या आजारात दुखणं शून्यावर येणं फार थोड्यांच्या वाट्याला येतं, पण आयुष्य परत हातात येणं बऱ्याच जणींना जमतं, आणि ते आधी या वहीत दिसतं. मध्येच एखादा आठवडा वाईट येणार, पावसाळ्यात, पाळीच्या आधी, घरात कोणी आजारी पडलं की. त्या आठवड्यात नवं काही सुरू करायचं नाही आणि चालू असलेलं बंदही करायचं नाही, चालणं निम्म्यावर आणा, पादाभ्यंग आणि झोपेची वेळ धरून ठेवा, जाईल तो.

पॅकेजचा ॲडव्हान्स भरला असेल तर केंद्राला विचारा की वमन-विरेचन वगळून फक्त अभ्यंग-स्वेद-बस्ती तीन महिन्यांनी घेता येईल का, रोज तपासणारा वैद्य कोण आणि त्याचा रजिस्ट्रेशन नंबर काय, औषधांची नावं कागदावर लिहून देणार का. नावं द्यायला नाही म्हणाले तर पैसे गेले तरी चालतील, तिथे जाऊ नका.

आणि गोळ्या कमी करायचं तुमच्या मनात आहेच, तर त्याचीही वेळ येते. झोप आणि चालणं सलग तीन महिने टिकलं की वही घेऊन तुमच्या ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे जा आणि स्वतःहून विषय काढा. बहुतेक डॉक्टर तयार होतात, मी पाठवलेल्या पेशंटमध्ये तरी झालेत. आधी कुठली गोळी, किती आठवड्यांत, ते ठरवतील. दोन्ही एकदम नाही, आणि ज्या महिन्यात गोळी उतरत असेल त्या महिन्यात माझ्याकडचंही कुठलं नवीन औषध नाही.